नव्या वॉलला शेणकाला

रामकिसन मिस्त्रींच्या छातीत कृत्रिम झडप बसवून सहा महिने झाले होते, तरी कुंभार पिंपळगावात तिचा आवाज ऐकायला अजून माणसं येत होती. दुकानातला ग्राइंडर थांबला की तो ऐकू येई. टिक, टिक, टिक. घड्याळासारखा, फक्त घड्याळापेक्षा जरा घाईत. मिस्त्री सदऱ्याची वरची दोन बटणं काढून गिऱ्हाइकाला कान लावू देत आणि वर विचारत, "आला का? मेटलचा हाय." खरं तर झडप कार्बनची होती, पण मेटल म्हटलं की ऐकणाऱ्याला भरवसा वाटतो.

मिस्त्रींचा धंदा विहिरीवरच्या मोटारी आणि पंप दुरुस्त करण्याचा. भागीदार मुबारक. तो मोटारीचं वायंडिंग करी, मिस्त्री पंप आणि पाईप बघत. लहानपणी मिस्त्रींचा घसा सारखा सुजायचा, मग सांधे सुजले, ताप आला आणि गेला. जाताना त्यानं हृदयाच्या डाव्या बाजूची द्विदल झडप खराब केली. हे कळायला पन्नाशी उलटली. तोवर त्या झडपेच्या दोन पाकळ्या जाड होऊन कडेला चिकटल्या होत्या. नीट उघडत नव्हत्या आणि नीट मिटतही नव्हत्या. जिना चढताना मिस्त्री मध्येच थांबून भिंतीकडे बघत उभे राहत, जणू भिंतीचीच तपासणी चालली आहे.

ऑपरेशनला ते तयार नव्हते. त्यांना तयार केलं मुलीनं. दीपमाला बदनापूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिनं दुकानातला एक जुना फुटवॉल उचलला. विहिरीत सोडलेल्या पाईपच्या टोकाला हा बसवतात. पाणी वर जाऊ देतो, परत खाली पडू देत नाही. तो वडिलांसमोर धरून ती म्हणाली, "अण्णा, तुमच्या हृदयात हेच बिघडलंय. वर चढलेलं रक्त मागं पडून राह्यलं. मोटार किती बी चालली तरी पाणी शेतात पोचणार न्हाई." मिस्त्रींनी फुटवॉल हातात घेतला, झाकण बोटानं वरखाली केलं आणि म्हणाले, "मंग बदला की."

दीपमाला शिकवण्यात हुशार होती. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

शनिवारी संध्याकाळी जालन्याच्या हृदयाच्या डॉक्टर भावना यांचा तिला फोन आला. मिस्त्रींच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्त किती पातळ आहे ते एका आकड्यावरून कळतं. मिस्त्रींचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा होता. तो जेमतेम एकच्या वर होता, म्हणजे गोळी कधीच न घेतलेल्या माणसासारखा.

"एक तर गोळी चुकली आहे, नाहीतर पालेभाजी फार झाली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कारण नंतर शोधू. उद्या घेऊन या. झडपेवर रक्ताची गाठ धरली तर पाकळी अडकते. नाहीतर गाठ सुटून मेंदूत जाते. दोन्हीपैकी काहीही एका मिनिटात होऊ शकतं."

रविवारी पहिल्या गाडीनं दीपमाला गावी पोचली. आई, गिरिजाबाई, अंगणात भांडी घासत होती.

"माय, मेथी किती खाऊ घातली अण्णांला?"

"आली! चहा न्हाई, पाणी न्हाई, मेथी!"

"सांग ना. पालेभाजी जास्त झाली की ती गोळी चालत न्हाई."

"हप्त्यातून दोनदा. तू सांगून गेलती तसंच. अंबाडी तर घरात आणत न्हाई मी. तुझ्या बापापायी मला बी सुटली. आता काय माळवं बंद करून भाकरीला मीठ लावून देऊ?"

"आन गोळी?"

"सांजची गोळी ते दुकानातच घेतेत. म्हणले, तिथं ध्यानात राहतं." गिरिजाबाईंनी पातेलं जोरात उपडं घातलं. "डॉक्टरनं काय बी म्हणलं की नाव माझ्या भाजीचं. कर फोन, सांग त्या डॉक्टरला, मेथी हप्त्यातून दोनदाच म्हणून."

दीपमाला तशीच दुकानात गेली. मिस्त्री चहाला गेले होते. मुबारक मांडी घालून मोटारीत तांब्याची तार भरत होता. वायंडिंग करताना तो वेढे मोजत असतो आणि त्याला काहीही विचारलं तरी अर्ध्या डोक्यानं खरं उत्तर देतो.

"मुबारकचाचा, अण्णा रक्त पातळ करायची गोळी कधी घेतेत?"

"ती? ती तर बंद केली ना. वॉल सील होईस्तोवर." मग त्याचे हात थांबले. त्यानं वर पाहिलं. "तुला बोलला न्हाई तो?"

"काय सील होईस्तोवर?"

"गेले माझे वेढे," मुबारक म्हणाला आणि तार खाली ठेवली. "तूच विचार त्याला. आला बघ."

मिस्त्री चहाची किटली घेऊन आले. मुलीला बघून आनंदले, मग मुबारकचा चेहरा बघून आनंद आवरता घेतला. पण चोरी पकडल्यासारखं ते काही बोलले नाहीत. फिटर गिऱ्हाइकाला बिघाड समजावतो तसं समजावू लागले.

"ऑपरेशननंतर सोनोग्राफीचा फोटो काढला, ध्यानात हाय? काय लिहिलं व्हतं त्यात? थोडी गळती. नवाकोरा वॉल, आन गळती! मी असा वॉल बसवला असता तर गिऱ्हाइकानं पाना फेकून मारला असता."

"अण्णा, त्यात पुढं नॉर्मल लिहिलं व्हतं."

"गळक्याला नॉर्मल म्हणत न्हाई कोणी. बरं, तूच म्हणली का न्हाई, हृदयातला वॉल म्हंजी फुटवॉलच?"

"म्हणले."

"मंग फुटवॉल गळाय लागला की आपण काय करतो? पाणी पातळ करतो का?"

याचं उत्तर दीपमालाला माहीत होतं. ती याच दुकानात लहानाची मोठी झाली होती. फुटवॉल थोडा गळायला लागला की पंप पाणी सोडतो आणि दरवेळी चालू करताना वरून पाणी भरावं लागतं. प्रत्येक वेळी विहिरीतून पाईप ओढून काढणं परवडत नाही. तेव्हा शेतकरी बादलीत शेण कालवतात आणि तो शेणकाला पंपात ओततात. शेण खाली जाऊन झाकणाच्या फटीत बसतं आणि गळती थांबते. हा उपाय मिस्त्रींनी शेकडो लोकांना सांगितला होता आणि तो बहुतेक वेळा चालला होता.

"रक्त थोडं घट्ट झालं की फट धरंल," मिस्त्री म्हणाले. "एकदा धरली की गोळी चालू. मी काय येडा हाय का कायमची बंद करायला?"

"दोन हप्ते बंद, मंग चालू," मुबारक म्हणाला. "आमचं दोघांचं बराबर ठरलं व्हतं."

"तुम्ही दोघांनी ठरवलं?"

"मंग? ह्या दुकानात कोणता वॉल आम्ही दोघांनी ठरवल्याबिगर बसलाय?"

दीपमालानं डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. डॉक्टर भावनांनी सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाल्या, "मिस्त्री, ती गळती मुद्दाम ठेवलेली असते. झडपेच्या बिजागरीपाशी रक्त साचू नये, ती जागा दर ठोक्याला धुतली जावी म्हणून. ती बिघाड नाही, ती रचना आहे. तुम्ही आत्ता निघा."

"मॅडम, तुमचा मान राखून बोलतो," मिस्त्री म्हणाले. "कंपनीचा माल गळका निघाला की समदे हेच म्हणतेत. असंच असतंय."

"पण रामकिसन," मुबारक मधेच म्हणाला, "पंपाची ग्लँड बी, शाफ्टभोवतीचं पॅकिंग, टिपकतीच की. तूच गिऱ्हाइकाला बोलतो, टिपकू द्या, बिलकुल आवळली तर शाफ्ट जळंल."

"ग्लँडीचं वेगळं, वॉलचं वेगळं. तू कोणाकडून हाय?"

मुबारकनं पुन्हा तार उचलली. मिस्त्रींनी कपात चहा ओतला. "तीन दिवस राह्यलेत. बुधवारी येतो म्हणावं."

फोनवरून डॉक्टर म्हणाल्या, "बुधवारी तुम्ही स्वतः याल की नाही, सांगता येत नाही," आणि तिकडून कुणीतरी हाक मारल्यामुळे फोन बंद झाला.

टिक, टिक. दुकानात तेवढा आवाज होता. दीपमालानं वडिलांकडं पाहिलं. हा माणूस रागावून ऐकणार नव्हता आणि रडूनही ऐकणार नव्हता. दुसऱ्याच्या शब्दावर त्यांनी आयुष्यात एक नट आवळला नव्हता. जे स्वतः उघडून बघितलं तेच त्यांना खरं.

"चला माझ्यासंगं," ती म्हणाली. "रामरावच्या दुकानात."

रामराव खाटकाचं दुकान चौकाच्या पलीकडं होतं. रविवारमुळं गर्दी होती. दीपमालानं बकऱ्याचं दिल मागितलं, न चिरलेलं.

"न चिरता कसं देऊ, ताई? आम्ही समदी दिलं चिरूनच टांगतो. आत गुठळी राहती, गिऱ्हाईक म्हणतं शिळं दिलं."

"मला गुठळीसकट द्या. खायचं न्हाई, अण्णांला दाखवायचंय."

रामरावनं मिस्त्रींकडं पाहिलं, मग मिस्त्रींच्या छातीकडं, आणि काही न विचारता नुकतंच काढलेलं एक दिल पाटावर ठेवलं. मागं उभा मुबारक म्हणाला, "मी इथून मटण घेत न्हाई, पण बघायला काय हरकत हाय?"

दीपमालानं सुरी मागून घेतली. शाळेत तिनं हे दोनदा केलं होतं. वरचे दोन पातळ कप्पे तिनं कापून काढले. खालचे दोन जाड कप्पे उघड्या तोंडाच्या लोट्यांसारखे दिसू लागले, आणि प्रत्येकाच्या तोंडावर एक झडप.

"ही उजवी बाजू. अंगातलं वापरलेलं रक्त इथं येतं. ही पहिली झडप, तीन पाकळ्यांची. इथून खाली, मंग दुसऱ्या झडपेतून फुप्फुसात. तिथून साफ होऊन डाव्या बाजूला. ही तिसरी, दोनच पाकळ्यांची. तुमची हीच खराब झालती. आन चौथी ह्या मोठ्या नळीच्या बुडाशी, जिथून रक्त समद्या अंगात जातं."

"चार वॉल," मिस्त्री म्हणाले. "एका पंपाला चार."

"दोन पंप हायेत, अण्णा. एकमेकांला चिकटून."

मिस्त्री वाकले. त्यांनी बोटानं पाकळी उचलली. ती ओल्या कागदासारखी पातळ होती, आणि तिच्या कडेपासून खालच्या भिंतीपर्यंत पांढरे, बारीक दोरे गेले होते.

"हे कशापायी?"

"पाकळी उलटी फिरू नये म्हणून. खालून दाब आला की ती मिटती. दोरे न्हाई तर छत्री वाऱ्यात उलटती तशी वर उलटली असती."

तिनं डाव्या कप्प्यात पाणी ओतलं, मोठी नळी चिमटीत दाबली आणि कप्पा मुठीत आवळला. दोन्ही पाकळ्या फुगून वर आल्या आणि एकमेकींना भिडल्या. पाणी आतच राहिलं. बाजूला मटण घ्यायला थांबलेल्या दोन बायकाही पुढं झाल्या.

"अरे वा रे!" मिस्त्री म्हणाले. त्यांनी मुलीच्या हातातून दिल घेतलं आणि स्वतः आवळून पाहिलं. पुन्हा आवळलं. मग कडेला बोट फिरवून बघितलं, ओलं झालं का. चेहऱ्यावर समाधान पसरलं, आणि दीपमालाला तेव्हाच कळलं की आपलं चुकलं.

"बघ," मिस्त्री म्हणाले. "ओरिजिनल माल. थेंब न्हाई. हे बकऱ्याचं टिपकत न्हाई, आन माझं टिपकतं. मी काय म्हणून राह्यलो इतक्या दिवसांपासून?"

मुबारकनं मान डोलावली. एका बाईनंही डोलावली.

दीपमालानं सुरी खाली ठेवली. एवढ्यात रामरावनं आतून आवाज दिला, पुढचं बकरू कापायचं होतं, लोकांनी जरा मागं व्हावं. एक माणूस स्टीलचं पातेलं घेऊन तयार होता. बकऱ्याचं रक्त रामराव वाया जाऊ देत नसे. ते भांड्यात धरून ठेवलं की थोड्या वेळात दह्यासारखं बसतं, आणि तव्यावर परतून रक्ती करायला त्याला गिऱ्हाईक असतं.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमचाच प्रयोग करू. घट्ट रक्तानं वॉल सील होतो म्हणता ना? दुकानातून गळका वॉल आणा."

मिस्त्रींचे डोळे चमकले. "मुबारक, तो पितळी आण. एक इंचाचा. रामपुरीच्या वस्तीवरून काढून आणलेला. लई गळतो तो."

मुबारक लगबगीनं गेला आणि आला. मुठीत मावेल एवढा पाईपमधला वॉल, आत एका बिजागरीवर लोंबणारं झाकण. एका बाजूनं पाणी आलं की झाकण उघडतं, उलट्या बाजूनं आलं की मिटतं. मिस्त्रींनी नळाखाली तो सगळ्यांना दाखवला. सरळ बाजूनं पाणी सळसळत गेलं. उलट्या बाजूनं धरल्यावर झाकण मिटलं, पण कडेनं बारीक धार येत राहिली.

"गळका. कबूल?" मिस्त्रींनी विचारलं.

"कबूल," दीपमाला म्हणाली.

ताजं रक्त पातेल्यात आल्यावर मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं वॉल त्यात सोडला. मग सगळे थांबले. रामराव मटण तोलत होता आणि मधून मधून पातेल्याकडं बघत होता. मुबारक म्हणाला, "आपल्या जिंदगीत पहिल्यांदा वॉल शिजायला ठेवला." कुणी फारसं हसलं नाही. रक्ताचा तकतकीतपणा गेला, वर साय धरल्यासारखं झालं, आणि पातेलं कलतं केलं तरी ते हलेना.

मिस्त्रींनी बोटं खुपसून वॉल बाहेर काढला. वरची गुठळी निपटून टाकली. आतली तशीच ठेवली. उलट्या बाजूनं धरला आणि पाणी ओतलं.

एक थेंब खाली पडला नाही.

"बघ!" मिस्त्री ओरडले. "बघ मुबारक! थेंब न्हाई! सील झाला का न्हाई? आता बोल, मास्तरीणबाई!"

मुबारकनं टाळी वाजवली. रामरावनंही तराजू सोडून मान वर केली. "झाला की सील," तो म्हणाला.

दीपमाला हसली नाही आणि चिडलीही नाही. "झाला," ती म्हणाली. "आता सरळ बाजूनं ओता."

मिस्त्रींनी हसतच वॉल फिरवला आणि पाणी ओतलं. पाणी वरच राहिलं. तोंडापर्यंत भरलं आणि कडेनं त्यांच्या मनगटावर ओघळलं. त्यांनी वॉल हलवला. आणखी ओतलं. मग करंगळी आत घालून झाकण ढकललं. लालभडक चिकट गोळा बिजागरीभोवती बसला होता आणि झाकण त्यात रुतलं होतं. जोर लावल्यावर ते थोडं हललं आणि अर्ध्यातच राहिलं.

मिस्त्रींचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी करंगळी बाहेर काढून तिच्याकडं पाहिलं.

"शेण फटीत बसतं," ते म्हणाले. ते बोलणं कुणाला उद्देशून नव्हतं. "हे बिजागरीत बसलं."

"शेणानं बी कधी कधी झाकण अडकतं," मुबारक हळू आवाजात म्हणाला. "मंग आपण पाईप ओढून काढतो."

मिस्त्रींनी वॉल पाटावर ठेवला. "अन् माझ्यातला काढायचा म्हणलं, तर?"

त्या दुकानात छाती उघडण्याबद्दल कुणाला काही सांगायची गरज नव्हती.

"दीपा," ते म्हणाले, "दोन हप्ते होत आले. आत बसलं असंल का?"

"माहीत न्हाई, अण्णा. म्हणून तर निघायचंय."

"मुबारक, गाडी काढ."

मुबारकनं दुकानातलं गोळ्यांचं पाकीट उचललं आणि पिकअप आणली. मागं लादलेल्या दोन मोटारी उतरवायलाही तो थांबला नाही. घराशी गाडी थांबवून गिरिजाबाईंना घेतलं. त्या पुढच्या सीटवर दाटीनं बसल्या, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजी मेथीनं न्हाई झालं."

"न्हाई, माय. माझं चुकलं."

"जालना येऊ दे, मंग बोलते दोघा बापलेकींला."

रस्ता चांगला लागला की इंजिनाचा आवाज कमी होई आणि मग चौघंही एकच आवाज ऐकत. मिस्त्री तर हात छातीवर ठेवूनच बसले होते. अंबड ओलांडल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मुबारक, आवाज बसल्यावाणी वाटतो का?" मुबारकनं काच वर केली, मान कलती केली आणि खूप वेळ लावून म्हणाला, "मला तर बराबर वाटून राह्यला." गिरिजाबाईंनी नवऱ्याच्या मनगटावर हात ठेवला आणि जालन्यापर्यंत काढला नाही.

डॉक्टर भावनांनी आधी इंजेक्शन दिलं. गोळीचा अंमल चढेपर्यंत काही दिवस ही इंजेक्शनं चालणार होती. मग त्यांनी मिस्त्रींना कुशीवर झोपवून छातीवर थंड जेल लावलं आणि सोनोग्राफीचा प्रोब फिरवायला सुरुवात केली. पडदा भिंतीकडं होता.

"मॅडम, जरा माझ्याकडं फिरवता का?"

डॉक्टरांनी पडदा फिरवला. काळ्या-करड्या धुक्यात एक अंधारा कप्पा आकसत आणि फुगत होता. त्याच्या तोंडाशी दोन पांढऱ्या रेघा दिसत होत्या. डॉक्टरांनी हात स्थिर केला आणि बराच वेळ त्या रेघांकडं पाहत राहिल्या. मिस्त्रींनी श्वास रोखला होता.

"श्वास घ्या," डॉक्टर म्हणाल्या.

"झाकणं हलून राह्यलीत का?"

"बघा तुम्हीच."

रेघा उघडल्या, समांतर झाल्या, मिटल्या. पुन्हा उघडल्या. एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही सारख्या. डॉक्टरांनी एक बटण दाबलं तेव्हा मिटलेल्या रेघांच्या टोकांशी रंगाचे दोन-तीन बारीक फवारे उमटले आणि नाहीसे झाले. पुढच्या ठोक्याला पुन्हा उमटले.

"ही ती गळती," डॉक्टर म्हणाल्या. "बिजागरीपाशीच आहे बघा. दर ठोक्याला."

मिस्त्री बघत राहिले. त्यांनी ते फवारे बराच वेळ पाहून घेतले, जसं एखाद्या अनोळखी पंपाचं काम कळेपर्यंत ते विहिरीच्या काठावर बसून राहत.

"गाठ नाही," डॉक्टर म्हणाल्या. "यावेळी नाही. पण पुन्हा असं केलं तर मी तुम्हाला दुकानात येऊन शिव्या देईन."

"या, मॅडम. चहा पाजतो."

ते उठून बसले आणि छाती पुसता पुसता त्यांनी दाराकडं पाहिलं. गिरिजाबाई पिशवी कवटाळून उभ्या होत्या.

"ती गोळी सांजच्याला घ्यायची असती," मिस्त्री डॉक्टरांना म्हणाले. "आत्ता घेतली तर चालंल का?"

"चालेल. उद्यापासून पुन्हा संध्याकाळी."

दीपमाला पाणी आणायला बाहेर वळली. ती पाणी घेऊन येईपर्यंत मिस्त्री थांबले नाहीत. गिरिजाबाईंनी पिशवीतून काढून तळहातावर ठेवलेली गोळी त्यांनी तशीच, कोरडीच गिळली.